बिनफोडणीचे वरण

माघ सरताना प्रताप नगरच्या दुपारी आंब्याच्या मोहोराचा वास असा काही खिडकीतून आत शिरतो, की घरात कुणी आजारी आहे हे त्याच्या गावीही नसते. त्या दुपारी मला त्या वासाचाही राग आला होता. माझी पाच वर्षांची मनू आदल्या दिवसापासून उपाशी होती; घसा लालबुंद सुजलेला, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी. धरमपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी औषध दिले आणि बजावले, की संध्याकाळपर्यंत पोटात पातळसर काही गेले नाही, तर भरती करून सलाईन लावावे लागेल. त्या चिमुकल्या हाताची शीर शोधणारी सुई काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

बायको कामठीच्या शाळेत शिकवायला गेलेली, म्हणून स्वयंपाकघराचा कारभार माझ्याकडे. मी तुरीचे वरण अगदी पाण्यासारखे पातळ केले, आणि मग निव्वळ हाताच्या सवयीने तेल तापवून त्यावर लसूण नि लाल मिरचीची चरचरीत फोडणी ओतली. आमच्या वैदर्भीय हातांना त्याविना अन्न शिजले असे वाटतच नाही. मायासुद्धा आम्ही तिखटच करतो. पहिल्याच चमच्याला मनू कळवळली, गळा धरून रडली आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. स्वतःच्या अकलेला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

दुसऱ्यांदा मुगाचे वरण केले, नुसते मीठ आणि थेंबभर तूप घालून, कोमट. पण दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, आणि ही तर फुंकायलाही तयार नव्हती. काऊचा घास झाला, चिऊचा झाला, लाडीगोडी झाली. शेवटी मी डाफरलोही. ऊन भिंतीवरून उतरू लागले, तसा माझा धीर सुटत चालला. तेव्हा तिने माझ्या हातातला चमचा धरून माझ्याच तोंडाकडे वळवला.

मी घोट घेतला. ती गुडघ्यांवर उभी राहिली आणि तापाने कढत झालेला आपला तळवा तिने माझ्या गळ्यावर ठेवला, आत काय होते ते बघायला. त्या स्पर्शाने मला असे भरून आले, की तो पाण्यासारखा घोट जागीच अडला.

"तुलेबी दुखून राहिलं का, बाबा?" तिने बसक्या आवाजात विचारले.

नाही म्हटले तरच ती खाईल, हे मला कळत होते. तरी खोटे बोलवेना. "हो," मी म्हणालो, "थोडं."

"मंग हळू गिळ," ती म्हणाली, आणि माझ्या गळ्यावरचा हात न काढता तिने आपले तोंड उघडले.