मंजूर एक, हजर दोन

आदिलाबादला मी निघाले ती कुंतला धबधबा बघायला. नोकरीभर भूगोल शिकवला, पोरांकडून धबधब्यांची नावं घोकून घेतली, आणि निवृत्तीनंतर चिपळूणच्या घरात बसल्यावर ध्यानात आलं की त्यातला एकही आपण पाहिलेला नाही. तिकीट काढताना वयाचा रकाना आला. तिथं चौसष्ट लिहिलं. हे वय मी फक्त रेल्वेला सांगते. बाकी कुणी विचारलंच तर विषय बदलते, केसांना रंग लावते आणि जिने भराभरा चढते.

किनवट मागे पडलं तशा डब्यातल्या गप्पा बदलल्या. समोरच्या बाकावर मराठीत सुरू झालेलं वाक्य तेलुगूत संपायला लागलं. आदिलाबाद स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला मी हिंदीत विचारलं, त्यानं मराठीत उत्तर दिलं आणि तेवढ्यात फोन आला तर त्यावर तेलुगूत भांडायला लागला. कोणत्या भाषेत चिडावं हे मला कळेना. कापसाचा हंगाम होता. बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना लटकला होता. मिरची भजी आणि खूप उकळलेला गोड चहा घेतला, वीस-पंचवीस फोटो काढले, आणि दक्षिणेकडे गुडीहत्नूरच्या वडापच्या रिक्षात बसले.

गुडीहत्नूरला रिक्षा बदलायची होती. दुसऱ्या रिक्षात बसले, ती सुटली, आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की मांडीवर काहीतरी कमी आहे. बॅग पहिल्या रिक्षातच राहिली होती. तीत कपडे, पाकीट आणि सगळी ओळखपत्रं. फोटो काढायच्या हौसेनं फोन तेवढा हातात होता. मी आरडाओरडा केला, रिक्षा थांबली, सगळ्यांनी मला तीन भाषांमध्ये धीर दिला आणि हायवेपासून आत असलेल्या एका गावच्या पोलीस ठाण्याच्या दारात सोडलं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

ठाण्यात कोण पोलीस आणि कोण नाही, हेच आधी मला समजेना. खाकीतला माणूस मागच्या बाजूला पाण्याची मोटर दुरुस्त करत होता. लुंगीतला माणूस वॉकीटॉकीवर बोलत होता. शेवटी मोटरवाला हात पुसत आला. तो हेड कॉन्स्टेबल मल्लेश. लुंगीतला होमगार्ड होता, त्याची वर्दी वाळत घातली होती.

"बैठो अम्मा," मल्लेश म्हणाला. "साब कोर्ट में है. लेडी कानिस्टेबल बंदोबस्त को गई. ड्रायव्हर अटॅच है."

अटॅच (नेमणूक इथं, काम दुसऱ्या कचेरीत) हा शब्द मी त्या दोन दिवसांत इतक्यांदा ऐकला की मला वाटायला लागलं, सगळं राज्यच कुठंतरी अटॅच असावं.

"मग तक्रार कोण लिहून घेणार?" मी विचारलं.

"संगीता लिखती. सिव्हिल है, वर्दी नहीं." ती कुठाय म्हटलं तर एका मुलीला दवाखान्यात घेऊन गेली होती. मुलीबरोबर बाईमाणूस लागतं आणि लेडी कॉन्स्टेबल नव्हती, म्हणून कारकून गेली. मल्लेशनं मला तिच्याच खुर्चीत बसवलं, कागद दिला आणि म्हणाला, तुमची अर्जी तुम्हीच लिहा.

मी लिहिली. सुंदर अक्षरात, समास सोडून. ते अक्षर मल्लेशनं पाहिलं आणि तिथंच माझा घात झाला. बाहेर दोन शेतकरी ताटकळत बसले होते, एकाचा बैल हरवला होता, दुसऱ्याची मोटर.

"अम्मा, इनका बी लिख देव. ये मराठी बोलते, मेरे को मराठी लिखने नहीं आता."

शिक्षकाच्या जातीला नाही म्हणता येत नाही. मी बैलाची शिंगं, रंग, डोळ्यावरचा ठिपका, सगळं विचारून लिहायला घेतलं. बैलवाला हळूच म्हणाला, "ताई, तुमी नवीन लागल्या काय इथं? बरं झालं. एकटी पोरगी कामानं मरून राह्यली होती."

मी हसून सोडून दिलं. मल्लेश मात्र हसला नाही. त्या दिवशी मोजणी आहे असं त्यानं सांगितलं. राज्यभर चाललं होतं म्हणे ते, कोणत्या ठाण्यात वर्दीवाले किती आणि बिनवर्दीचे किती. या ठाण्याला सिव्हिलची जागा एकच मंजूर. माणूस दिसलं नाही तर जागा जाते, जास्त दिसलं तर जास्तीचं उचलून लांब टाकतात. संगीता कंत्राटावरची, तिला तर कुठंही टाकतील.

"टाइम पे आना उसका, बस," असं तो म्हणतोय तोवर हायवेवर लॉरी कलंडल्याचा निरोप आला. मल्लेश आणि होमगार्ड एकाच मोटारसायकलवरून गेले. जाताना मल्लेश म्हणाला, "अम्मा, जरा देखते रहो."

आता एका अख्ख्या पोलीस ठाण्याकडे मी बघत होते.

चष्मेवाले एक साहेब जीपमधून उतरले ते याच वेळी, आणि पाठोपाठ संगीताही आली. तिशीतली, घामाघूम, मुलीला बाकावर बसवून सरळ कॉम्प्युटरकडे धावलेली. साहेबांनी माझं नाव विचारलं. चला, कुणीतरी बॅगेची दखल घेतली, म्हणून मी आडनावासकट ठणठणीत सांगितलं. मग त्यांनी तिचं विचारलं. तिनंही सांगितलं. त्यांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, टेबलावरचा बैल वाचला, मान डोलवली आणि निघून गेले.

"साहेब तुमाले घेऊन नाई गेले?" संगीतानं मला विचारलं.

"मला? मी कुठे त्यांच्याबरोबर आलेय?"

"मले वाटलं, तुमी मोजणीवाल्या मॅडम हाय."

साहेब बॅगेसाठी आले होते असं मला वाटलं, मी साहेबांबरोबर आले असं तिला, आणि आम्ही दोघी इथल्याच असं साहेबांना.

संध्याकाळी आदिलाबादच्या कचेरीतून ठाण्यात फोन आला. मंजूर एक, हजर दोन. जास्तीची एक उचलायची, कागद उद्या दुपारी निघेल. आणि उचलायची ती कंत्राटावरची, संगीता. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मी तिथं कायम नोकरीला आहे असं साहेबांनी का ठरवलं, देव जाणे. बहुधा माझा आवाज. मल्लेशनं फोनवर सांगून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! बॅगेसाठी आले होते आणि एका मुलीच्या नोकरीवर बसले होते.

रात्री तिनं मला घरी नेलं. माझ्याकडे राहायला पैसे नव्हते आणि मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली तिची आई भाकरी थापत बसलेली. जोंधळ्याची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि ठेचा. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तवा तिला दिसत नव्हता, हातानं कळत होता.

"ऑपरेशन का नाही करत?" मी विचारलं.

"मले सुट्टी कोन देते? मी उठली तर खुर्ची खाली," संगीता म्हणाली. "अन आता तिकडं टाकलं तर नोकरी सोडाच लागते. इले एकटी ठेवून कशी जाऊ?"

"आमी मजुरीले गेलो, पोरगी खुर्चीवर बसली," आई मध्येच म्हणाली. तिला एवढंच सांगायचं होतं.

मी संगीताला विचारलं, तू या नोकरीत लागलीस कशी? ती हसली. कॉलेजात असताना तिचा दाखला हरवला होता, त्याची तक्रार द्यायला ती या ठाण्यात आली. मल्लेशअण्णांनी बसवलं, म्हणाले तुझी तूच लिही. मग दुसऱ्याची लिही म्हणाले. मग उद्या ये म्हणाले. पुढं कधीतरी कंत्राट झालं.

हे ऐकून माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. म्हणजे साहेबांचं काय चुकलं होतं? इथं बिनवर्दीचे कर्मचारी असेच उगवतात. मी आणखी चार दिवस तिथं बसले असते तर खरोखर लागले असते.

निजताना संगीतानं विचारलं, "ताई, तुमचं वय काय असंन?"

"उद्या किती वाजता निघायचं?" मी म्हटलं.

सकाळी आम्ही आदिलाबादच्या मोठ्या कचेरीत. ठाण्यावर कोर्टातून परतलेले तिथले साहेब आणि मल्लेश होते, म्हणून तिला एवढं निघता आलं. चष्मेवाले साहेब सभ्य होते, आम्हाला खुर्च्या दिल्या. मी कर्मचारी नाही, असं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "प्रूफ?"

आता मी नोकरीला आहे याचा पुरावा देता येतो. नाही याचा कसा द्यायचा? ओळखपत्र दाखवा म्हणाले. ते बॅगेत. बॅग हरवल्याची तक्रार दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "यही हँडरायटिंग. बैल का भी यही था. रायटर आपही हैं."

"मला तेलुगू वाचता येत नाही!"

"हमारे बहुत स्टाफ को नहीं आता, मॅडम."

हातच्या कंकणाला आरसा कशाला, असं त्यांचं झालं होतं. त्यांनी मला स्वतःच्या डोळ्यांनी ठाणं चालवताना पाहिलं होतं. मी घसा कोरडा करून बोलत होते आणि मला स्वतःलाच वाटायला लागलं की कोण जाणे, एखादा नेमणुकीचा कागद माझ्या नावानं कुठंतरी असेलही. कागद न्यायला शिपाई दारात येऊन उभा राहिला. संगीता पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती.

अचानक ती म्हणाली, "ताई, तुमच्या फोनात परतीचं तिकीट हाय ना? त्यात वय असते."

मी तिच्याकडे पाहिलं. खोलीत दोन कारकून, एक शिपाई, साहेब, आणि खिडकीशी उभे असलेले आणखी कुणी कुणी. मला मनापासून राग आला, तिचा नाही, त्या रकान्याचा. तिकीट उघडून मी साहेबांपुढे धरलं. त्यांना बारीक अक्षर दिसेना. "कितना?" त्यांनी विचारलं.

"चौसष्ट!" मी ओरडलेच. "सिक्स्टी फोर! साठी कधीच उलटली माझी. सरकारनं मला घरी पाठवलंय!"

साहेबांनी तिकीट पाहिलं, माझे केस पाहिले, पुन्हा तिकीट पाहिलं. मग शिपायाच्या हातातून कागद घेतला आणि दोनाचा एक केला. शिपाई म्हणाला, "लगते नहीं, अम्मा." त्याचं भलं होवो.

बाहेर आल्यावर आम्ही हसलो. भर रस्त्यात, कापसाच्या गाड्या अडवून हसलो. तिची नोकरी राहिली होती. धबधब्याला जायला वेळ उरला नव्हता, दुपारची गाडी होती. फलाटावर संगीतानं मला भाकरीची पुरचुंडी दिली आणि तिची गाठ उगाच पुन्हा घट्ट केली.

"काय गं?"

"काई नाई. काल फोन आला तवा रडू आलं. पन फोन ठेवल्यावर एक डाव वाटलं, दोघी असतो तर? दोन म्हटलं तर जास्त झालं म्हनते सरकार. मले तर दोन बरोबर वाटले."

गाडी हलली. मी खिडकीतून काहीतरी सांगितलं, काय ते आठवत नाही. किनवट येईपर्यंत मला नीट समजत नव्हतं की मी तिचं भलं करून आले की तिला पुन्हा एकटी पाडून आले. अजूनही समजत नाही. आकडा बरोबर झाला एवढंच खरं, आणि तो बरोबर आकडा तिला पुरत नाही, हेही खरंच.

घरी परतल्यावर सगळे विचारायला लागले, धबधबा कसा होता? मी पोलीस ठाण्याचं सांगायला लागले की लोक चहाचा कप खाली ठेवून बघतात. बॅग काही मिळाली नाही.

परवा संगीताचा फोन आला. गावात एक निवृत्त मास्तर आले होते तक्रार घेऊन, मल्लेशअण्णांनी त्यांना बसवलं म्हणे. "मी पहिले वय विचारलं," ती म्हणाली. "साठीच्या वर हाय म्हनले, मंग खुर्ची देली. पन त्यायले अर्ध्या तासात झोप लागली."

आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "आईच्या डोळ्याची तारीख भेटली हाय, ताई. मल्लेशअण्णा म्हनते, वो अम्मा कू बुलाव, कुर्सी पे बैठने."

मी तिकीट काढायला बसले. वयाच्या रकान्यात चौसष्ट टाकलं, आणि या वेळी, आयुष्यात पहिल्यांदाच, त्या आकड्याचा मला आधार वाटला.