टँकरचा अनुभव चालत नाही

मित्रांनो, आज शेजारच्या सायलीबरोबर ठाण्याला गेलेलो. तिची पहिलीच मुलाखत, ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याच्या नोकरीसाठी.

"चिडलेल्या माणसांना सांभाळायचा अनुभव आहे?" असं विचारल्यावर ती "नाही" म्हणाली. विषय संपला.

जिन्यात ती हे सांगत होती, तेवढ्यात दिव्याहून, घरून, तिला फोन आला. आमच्या इमारतीत पाण्याच्या टँकरवरून भांडण पेटलं होतं.

सायली फोनवरच म्हणाली, "मावशी, आधी पाइप खाली ठेवा. जोशीवहिनींचं बाळ आजारी आहे, त्यांना पहिलं भरू द्या. आणि ड्रायव्हरदादाला शिव्या नको, उद्या तोच येणार आहे."

भांडण मिटलं. कॉलेजपासून ती हेच करते आहे.

"अगं, हे का नाही सांगितलंस?"

"काका, आमच्याकडे पाणी येत नाही, हे तिथे सांगू? हसतील."

मी तिला हट्टाने परत आत पाठवलं. तिने सगळं सांगितलं. साहेब खरोखरच हसले. "ते घरचं झालं. ऑफिसचा अनुभव सांगा."

स्वतःची किंमत ओळखा, असं मी व्यासपीठावरून वर्षानुवर्षं ओरडतो आहे. आज तिने ओळखली आणि रिकाम्या हाताने परतली. आता ती खाली टँकरपाशी उभी आहे.

तुमच्यात नोकऱ्या देणारे असतील, त्यांनी खरं सांगावं: तुम्हीही हसला असतात ना?