नांदेड ते लातूर, हवेतून

मी बिलोलीचा, नाईक बसवराज चाकूर तालुक्यातला. बटालियन एकच. सुट्टीवर बरोबर निघायचो आणि नांदेडला रेल्वेतून उतरलो की त्याची कुरकुर सुरू व्हायची. पुढे एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यायची होती ना.

"नांदेड ते लातूर हवेतून अर्धा-पाऊण तास बी लागत न्हाई. एकदा उडतच जाणार हाय मी."

"आन् लातूरहून मागं चाकूरला? एसटीनंच ना?" मी चिडवायचो. चाकूर लातूरच्या अलीकडेच लागतं, पण ते त्याच्या स्वप्नात बसत नव्हतं.

सीमेवर गस्तीत त्याला गोळी लागली. मी हवालदार, एस्कॉर्ट म्हणून पार्थिवासोबत निघालो. दुपारी विमान नांदेडला उतरलं. पुढे हेलिकॉप्टरने लातूर, तिथून गाडीने गाव, अशी ऑर्डर होती. खरं सांगतो, ऑर्डर ऐकून मला बरं वाटलं. बसव्या एकदाचा नांदेड ते लातूर उडत जाणार होता.

पण लातूरवर ढग होते. रेडिओवर एकच उत्तर येई, "लातूर वेदर खराब. होल्ड." मी पेटीपासून हेलिकॉप्टरपर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होतो.

त्याच्या वडिलांचा, अप्पांचा फोन आला.

"कुठवर आलात साहेब?"

"नांदेडातच हाव अप्पा. आभाळ मोकळं व्हायची वाट बघून राहिलो."

"त्याच्या मायला लई कमी दिसतं. दिवस हाय तंवर पोराचं तोंड बघू द्या तिला. रस्त्यानं या की. गावचा फाटा वाटंतच हाय."

मी पेटीकडे पाहिलं. रस्त्यानं गेलो तर त्याचं उडणं राहणार होतं. मग सोबत आलेल्या मेजर साहेबांसमोर उभा राहिलो.

"सर, बाय रोड जाऊ. गाव वाटेत आहे. उजेडात पोचायला हवं. आईला नीट दिसत नाही."

"क्लिअरन्स कधीही येईल."

"नाही आला तर, सर?"

त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "मूव्ह."

लोहा, अहमदपूर. मी ट्रकमध्ये पेटीवर हात ठेवून बसलो होतो. प्रत्येक गतिरोधकाला मनात शिवी हासडत होतो. सूर्य खाली येत होता आणि रस्ता काही संपत नव्हता.

पोचलो तेव्हा सोयाबीनच्या शेतावर ऊन होतं. पेटी उघडली, तशी माय तिच्यावर अगदी वाकली. आधी डोळ्यांनी पाहिलं, मग दोन्ही हातांनी.

जवान पेटी तशीच समाधीच्या खड्ड्याकडे नेऊ लागले. अप्पा पुढे आले. लिंगायतांमध्ये मेलेल्या माणसाला बसवून समाधी देतात.

"लई लांबून आडवा आलाय पोरगा," ते म्हणाले. "आता त्याला बसू द्या."

आम्ही त्याला बसवलं. गळ्यातलं इष्टलिंग गावच्या स्वामींनी त्याच्या तळहातावर ठेवलं. सलामीच्या फैरी झडल्या तेव्हा उजेड होता. मी तिथेच रडलो.

आता मी रिटायर आहे. अप्पांकडे जातो तो एसटीनेच. खिडकीशी बसतो, हाडं खिळखिळी होतात, आणि शेजारी त्याची कुरकुर ऐकू येत राहते. फाटा आला की उठतो.

"चल बसव्या," म्हणतो, "तुझं गाव आलं."