लाल फडक्यातल्या तीन वह्या

बिरदेव मूळचा आमच्या कवठे महांकाळचा नव्हे. जतच्या अलीकडच्या एका वाडीवरचा, मेंढरांमागं वाढलेला. शाळा संपवून हवाई दलात भरती झाला, वीस वर्षं इंजिनं उघडली आणि मिटली, आणि पेन्शनीत येऊन माझ्या शेजारी दोन खोल्या बांधून राहिला. गल्लीतले लोक त्याला इमानवाला म्हणत. विहिरीची मोटर बिघडली की त्याच्याकडं घेऊन येत. तो मोटर हातात घेण्याआधी विचारायचा, ही याआधी कुणी उघडली, कधी उघडली, आत काय बदललं? लोकांना ते कुठलं ठाऊक असणार? मग हा तोंड वाकडं करायचा. मी म्हणायचो, अरे, मोटर आलीय दारात, सोयरीक नव्हे. त्याला हसू यायचं नाही. थट्टा त्याला कळतच नसे.

त्याचा खरा संसार कराडला होता. कृष्णाकाठच्या एका गावात लालासाहेब म्हणून ऊसवाले बागाईतदार राहत. तरुणपणी त्यांना विमान चालवायचा नाद लागला आणि बंद पडत असलेल्या एका फ्लाइंग क्लबाकडून त्यांनी चार जण बसतील असं जुनं, एका इंजिनाचं विमान विकत घेतलं. गावानं त्यांना वेड्यात काढलं, पण त्यांनी ते तीस-पस्तीस वर्षं उडवलं. कराडच्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ते विमान असायचं आणि एकोणीस वर्षं त्याची देखभाल बिरदेव करत होता. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचा, शनिवारी परत यायचा. बायको सुलाबाई कधी चिडली की म्हणायची, मला बी पंख लावून घ्याय पायजेत, म्हंजे तरी बघतील.

ते विमान बनवणाऱ्या कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलं होतं. टायर कोइमतूरहून यायचा, खिडकीची काच बंगळूरहून. एकदा तर एका रबरी नळीसाठी बिरदेवनं आठ महिने पत्रं लिहिली. वस्तू मिळूनही भागत नसे, तिचा कागद लागायचा. कुणी बनवली, कुणी तपासली, आधी कुठल्या विमानावर किती तास चालली, सगळं शिक्क्यानिशी. कागद नसला तर नवीकोरी वस्तूही भंगार. लालासाहेबांच्या एका पाहुण्यानं एकदा दिल्लीहून हवा तो पंप आणून दिला, चकचकीत, पण कागदाशिवाय. बिरदेवनं तो फडक्यात बांधून परत केला. लालासाहेब भडकले, महिनाभर बोलले नाहीत. हाही बोलला नाही. रोज जाऊन बंद विमान पुसत बसला.

आणि या सगळ्या कागदांचं मूळ म्हणजे तीन जाड वह्या, लॉगबुकं. एक विमानाच्या सांगाड्याची, एक इंजिनाची, एक पंख्याची. विमान कारखान्यातून बाहेर पडल्यापासूनचा प्रत्येक बोल्ट आणि प्रत्येक उड्डाण त्यांत नोंदलेलं. आठ-दहा माणसांची अक्षरं, शाया विटलेल्या, आणि शेवटी बिरदेवचं उभं, टोकदार अक्षर. धूळ बसू नये म्हणून त्या तिन्ही वह्या तो लाल फडक्यात बांधून ठेवायचा. त्याचा एकच नेम होता. वह्या शेडच्या बाहेर जायच्या नाहीत. लालासाहेबांना बघायच्या असल्या तर त्यांनाही स्टुलावर बसून तिथंच बघाव्या लागत.

तीन वर्षांपूर्वी विमानाचा मॅग्नेटो गेला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनातल्या प्लगांना ठिणगी पुरवणारा भाग. तो मिळेना, उड्डाणाच्या परवान्याची मुदत संपली आणि विमान शेडमध्ये अडकलं. बिरदेवनं शोध सोडला नाही. दर आठवड्याला टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून विमान हातभर पुढं ढकलायचा, नळ्यांत कुंभारमाशीनं केलेली मातीची घरं तारेनं काढायचा.

एव्हाना लालासाहेब बऱ्याच वयाचे झाले होते आणि आजारी होते. सगळा कारभार नातवाकडं, इंद्रजितकडं आला होता. पोरगा वाईट नाही, सरळ आहे. त्यानं सांगितलं, दिवाळीपर्यंत विमान उडालं तर ते राहील. नाही उडालं तर पाचगणीचा एक हॉटेलवाला मागतोय, त्याला देऊन टाकू. हॉटेलवाला ते गच्चीवर ठेवणार होता, लोक शेजारी उभं राहून फोटो काढतील म्हणून. लालासाहेबांनी हे ऐकलं आणि बिरदेवला एवढंच म्हणाले, "एकदा वरनं नदी बघू दे मला. मग काय करायचं त्ये करा."

भाद्रपदात पंजाबातून फोन आला. तिथल्या एका बंद पडलेल्या क्लबात तसाच मॅग्नेटो होता, कागदासकट. बिरदेव निघायच्या आदल्या दिवशी लालासाहेबांना भेटायला गेला. म्हातारा अंथरुणाला खिळलेला. त्यांनी वह्या मागितल्या. शेडपर्यंत येणं आता होत नव्हतं आणि त्यांना आपली सगळी उड्डाणं एकदा वाचायची होती.  बिरदेव शेडमध्ये गेला, लाल गाठोडं आणलं आणि त्यांच्या उशाशी ठेवलं. पाच-सहा दिवसांसाठी. तो परतला की वह्याही परत.

घरात लालासाहेबांची विधवा बहीण होती, आक्काताई. शाळेचं तोंड न पाहिलेली, भावाच्या खाटेपाशी रात्रंदिवस बसून असलेली. दादा उशाशेजारचं लाल फडकं सोडतात, जुनाट पानं उलटतात, ओठ हलतात, डोळे भरून येतात, हे ती रोज बघत होती.

बिरदेव पंजाबात पोचला त्या दिवशी लालासाहेब गेले. इंद्रजितचा फोन आला तेव्हा तो क्लबाच्या गोदामात मॅग्नेटोवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी तिसऱ्यांदा ताडून बघत होता. मॅग्नेटो मांडीवर घेऊन तो रेल्वेनं परतला. लालासाहेब गेल्याच्या चौथ्या दिवशी कराडला उतरला. सावडणं आदल्या दिवशीच झालं होतं.

आक्काताई सोप्यात बसली होती. त्याला बघून रडली आणि मग आपण होऊनच सांगायला लागली. दादांची कापडं वाटली, काठी वाटेकऱ्याच्या म्हाताऱ्या बापाला दिली. पण दादा शेवटपर्यंत वाचत होते ती पोथी अशी कुणाला कशी द्यायची? पोथी जुनी झाली की वाहत्या पाण्यात सोडायची, हे तिला लहानपणापासून ठाऊक. म्हणून तिनं ती लाल फडक्यात नीट बांधली, वर हळदकुंकू वाहिलं आणि दादांच्या राखेबरोबर कृष्णेत सोडली.

बिरदेवनं तिच्या हातून तांब्या घेतला. पाणी प्यायला आणि उठला. दोन दिवस तो नदीच्या काठानं खाली चालत राहिला, भोयांना विचारत राहिला. धरणातून पाणी सोडलेलं, नदी दोन्ही काठांनी भरलेली. काही सापडलं नाही.

तो कवठ्याला आला तेव्हा मला त्याच्याकडं बघवेना. मी जन्मभर शाळामास्तर, आधी तसाच बोललो, झेरॉक्स का नाही काढून ठेवली? शेवटच्या पाच वर्षांची काढली होती, म्हणाला. आधीच्या चाळीस-पन्नास वर्षांचं काय? तो क्लब राहिला नव्हता, ते वर्कशॉप राहिलं नव्हतं, सह्या करणारी माणसंही राहिली नव्हती. आता विमानाचा प्रत्येक भाग कागद नसलेला झाला होता. नव्यानं सगळं सिद्ध करायचं तर विमान पार सुटं करून एकेक भाग तपासून घ्यावा लागेल आणि आजोबा गेल्यावर इंद्रजित कुणासाठी एवढं करणार? ज्या नियमापायी यानं पाहुण्याचा पंप परत पाठवला, तोच नियम त्याच्या विमानाला लागला होता. एकट्या मॅग्नेटोला तेवढा कागद होता.

इंद्रजितला काय सांगितलंस, मी विचारलं. वह्या माझ्या हातून गहाळ झाल्या, असं सांगितलं होतं त्यानं. त्या आजोबांच्या उशाशी होत्या, हे इंद्रजितला ठाऊकच नव्हतं. इंद्रजितनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

मला असा संताप आला की मी उठून उभा राहिलो. आयुष्यात एक स्क्रू न हरवलेल्या माणसानं हे ऐकून घ्यायचं? मी म्हटलं, मी जातो कराडला, सांगतो त्या पोराला खरं काय ते.

"बसा, गुरुजी," तो म्हणाला. "वह्या शेडाभाईर मी काढल्या. नेम माझा, मोडला बी मीच. त्या बाईनं भावाची पोथी समजून पाण्यात सोडली. तिला आता कळलं तर ती अन्न गोड करून खाईल का?"

मी बसलो. त्याचं बरोबर होतं आणि तरीही मला ते मान्य नव्हतं. आजही नाही.

दिवाळीनंतर हॉटेलवाल्याची माणसं ट्रक आणि क्रेन घेऊन आली. मी बिरदेवबरोबर गेलो होतो, त्याला एकट्याला सोडवेना. पंख त्यानं स्वतः उतरवले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक बोल्ट पुसून, त्याला चिठ्ठी बांधून पिशवीत घातला. पिशवी ट्रकवाल्याला दिली, तर त्यानं सांगितलं, हे कशाला, तिथं वेल्डिंगच करणार आहेत. बिरदेवनं पिशवी परत घेतली. मग खिशातलं पेन काढलं. काम संपलं की नोंद करून सही करायची, ही हाताची सवय. पेन उघडलं, पण लिहायला वही नव्हती, मग टोपण लावून परत खिशात ठेवलं.

गाडी निघायच्या आधी इंद्रजित आक्काताईला घेऊन आला. तिनं विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं, पदरानं डोळे पुसले आणि बिरदेवजवळ आली.

"मी अडाणी बाई, बिरदेव," ती म्हणाली. "पोथी दादासंगं दिली, त्ये बरं केलं न्हवं?"

इंद्रजित दोन हात अंतरावर उभा होता. मी बिरदेवकडं बघत होतो.

"बरं केलं, आक्का," तो म्हणाला. "त्येंचीच हुती ती."

"वाचत आसतील न्हवं वर?"

"व्हय. वाचत आसतील."

मग तो ट्रकवर चढला आणि पंखांना बांधलेले दोर परत एकदा ओढून बघू लागला.