अकरा बंदुका, एक सही

ती घटना आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही. सेवेतली बरीच प्रकरणे आता तपशिलांत पुसट झाली आहेत. हे एक प्रकरण मात्र पुसट झालेले नाही. अलीकडे ते पुन्हा सांगायची वेळ आली ती कुवेतमध्ये, रुमैथियाला, मुलीच्या घरी.

मुलगी तिथल्या एका भारतीय शाळेत शिकवते. शुक्रवारी दुपारी तिच्या दोन सहकारी शिक्षिका चहाला आल्या होत्या. परदेशातल्या एका शाळेत गोळीबार झाल्याची बातमी होती आणि तिथल्या शिक्षकांनी वर्गात न जाण्याचा इशारा दिला होता. बंदुकांचा कायदा कडक करा, मगच शिकवू, अशी त्यांची मागणी.

जावई कुवेत सिटीत बँकेत आहेत. ते म्हणाले, "संपाने कायदे बदलत नाहीत हो. चार दिवस बातमी चालते, मग सगळे आपापल्या वर्गात."

"इथे तर संप हा शब्दसुद्धा काढायचा नाही," एक शिक्षिका म्हणाली. "आमच्याकडे त्याला सामूहिक ताप म्हणतात."

सगळे हसले. मग ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही सांगा. पोलिसांना काय वाटतं? शिक्षक बसून राहिले तर कायदा करणारे हलतात?"

मी म्हणालो, "हलतात. मी हलताना पाहिलेत. पण आधी आम्ही हललो."

मी तेव्हा कोकण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आंब्याचा हंगाम होता, वार्षिक परीक्षा जवळ आली होती. सोमवारी सकाळी साडेअकराला हद्दीतल्या एका गावातून मुख्याध्यापिकांचा फोन आला. सहावीच्या वर्गात गणिताचे सर फळ्यावर लिहीत असताना खिडकीतून छर्रे आले. सरांच्या खांद्यात तीन, बाकीचे फळ्यात. मुले बाकांखाली होती. कोणाच्या जिवावर बेतले नाही.

मी पाऊण तासात पोचलो. शाळेच्या वरच्या अंगाला आंब्याची बाग आहे. बागेच्या दगडी गडग्यालगत जळक्या काथ्याचा गोळा सापडला. ठासणीच्या बंदुकीत दारू दाबायला तिकडे नारळाचा काथ्याच वापरतात. म्हणजे बार इथूनच झाला होता. पंचनामा केला.

वानरे आणि डुकरे पिकाची नासाडी करतात म्हणून कोकणात शेतीसंरक्षणाचे परवाने देतात. त्या गावात असे अकरा परवाने होते. गावचे पोलीस पाटील बरोबर होते. त्यांनी मला एकेका घरी नेले. दहा बंदुका पाहिल्या, नळ्यांचा वास घेतला. ताजा बार झाल्यावर नळीला कुजक्या अंड्यासारखा वास चार-पाच दिवस टिकतो. दहाही कोरड्या होत्या. अकराव्या बंदुकीचा मालक बारा वर्षे कुवेतला होता, मीना अब्दुल्ला या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर.

"त्याची बंदूक तुमच्याकडेच आहे साहेब," पाटील म्हणाले. "निवडणुकीला जमा केली ती नेलीच कुणी नाही."

ठाण्यात परतल्यावर मी हवालदारांना विचारले. ते म्हणाले, "असेल साहेब, खोलीत पाच-सात पडून आहेत." मी पुढे पाहिले नाही. पोलीस पाटलाचा शब्द तपासून घ्यायची आम्हाला सवय नव्हती. चूक तिथे झाली आणि ती माझी होती.

मंगळवारी साडेदहाला शाळेचे सातही शिक्षक ठाण्यात आले. गणिताच्या सरांचा हात गळ्यात बांधलेला. मुख्याध्यापिकांच्या काखेत हजेरीपत्रक होते. त्यांनी ते ठाण्याच्या पडवीतल्या बाकावर उघडले, सर्वांच्या सह्या घेतल्या आणि स्वतः सही करून बसल्या.

"बाई, हा संप आहे का?" मी विचारले.

"संप कसला? आम्ही कामावर आहोत. शाळेत बसण्यासारखी परिस्थिती नाही, म्हणून इथे बसलोय."

"मागणी काय?"

"एकच. अकराच्या अकरा बंदुका इथे जमा करा. ज्याची त्याने स्वतः येऊन, कागद दाखवून न्यावी. तोवर त्या बागेखाली आम्ही मुलांना बसवणार नाही."

मागणी रास्त होती. पण ऐन हंगामात सरसकट बंदुका जमा करायला वरून आदेश लागतो. मी तो मागितला. उत्तर आले की प्रकरण विचाराधीन आहे.

बुधवारी शिक्षण खात्याची नोटीस आली. शनिवारी शाळा भरली नाही तर मुख्याध्यापिकांना निलंबित करण्यात येईल, आणि गैरहजेरीच्या दिवसांची चौकशी होईलच. त्यांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सेवापुस्तकात एक लाल शेरा नव्हता. नोटीस त्यांनी वाचली, घडी केली आणि हजेरीपत्रकात ठेवली.

त्याच दुपारी आमदार आले. बागायतदार त्यांचे मतदार होते, पालकही. त्यांनी मुख्याध्यापिकांसमोर खुर्ची ओढली.

"बाई, मुलांचं नुकसान होतंय. परीक्षा तोंडावर आल्यात."

"होतंय. रात्री मलाही झोप येत नाही."

"मग जा ना शाळेत. कायदा आहे, पोलीस आहेत, ते बघतील."

"कायदा आहे म्हणूनच ठाण्यात बसलोय, साहेब. नसता तर तुमच्या दारात बसलो असतो."

माझ्या एका शिपायाने तोंड फिरवून हसू दाबले. आमदारांनाही हसू आले. पण ते उठले नाहीत. बाईंनी गणिताच्या सरांकडे बोट केले. "छर्रे आले तेव्हा मुलांच्या आणि त्यांच्या मध्ये सर होते. दर वेळी सर उभे असतीलच असं नाही."

आमदारांनी मग मला विचारले, "परवानेवाला परदेशात असला तर बंदूक कोणाच्या ताब्यात असते?" मला नेमके उत्तर देता आले नाही. ठाण्याच्या प्रभारीला ते देता येऊ नये, याची मला लाज वाटली.

गुरुवारी मी शस्त्रे जमा करून घेण्याचे रजिस्टर काढले. निवडणुकीआधी बंदुका ठाण्यात येतात, निकालानंतर परत जातात. दोन्हीची नोंद आणि मालकाची सही त्यात असते. मी ते टेबलावर ठेवून खोलीतल्या बंदुका मोजायला गेलो. अकरावी तिथे नव्हती. बाहेर आलो तर मुख्याध्यापिका माझ्या टेबलाशी उभ्या होत्या.

"साहेब, हे पाहू का?"

नियमाने नाही म्हणायला हवे होते. मी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी चष्मा लावला आणि वह्या तपासताना फिरते तसे बोट त्या पानावर वरून खाली फिरवले. एक मिनिटही लागले नाही.

"कॉपी आहे."

"म्हणजे?"

"नावं अकरा आहेत, हात एकच. प्रत्येक सहीत वेलांटी मागून काढलीय आणि शेवटी पेन दाबलंय. एकाने सगळ्या वर्गाचा गृहपाठ लिहिला की असाच दिसतो."

मी हवालदारांकडे पाहिले. ते उभे राहिले. "साहेब, पाटीलच सगळ्या बंदुका टेम्पोत घालून आणतात आणि तेच एकदम नेतात. लोकांची खेप वाचते. वर्षानुवर्षं असंच चालतंय." पानाच्या तळाशी 'समक्ष परत दिल्या' असा शेरा होता. त्याखाली सही माझी होती. अकरावी बंदूक पाच महिन्यांपूर्वीच ठाण्यातून गेली होती.

दुपारी अडीचला, म्हणजे कुवेतच्या बाराला, त्या फिटरशी व्हिडिओ कॉल झाला. तो हेल्मेट मांडीवर घेऊन पत्र्याच्या सावलीत बसला होता. मी नाव आणि हुद्दा सांगितला. तेवढ्यात त्याला माझ्या मागे मुख्याध्यापिका दिसल्या.

"बाई? तुम्ही ठाण्यात काय करताय?"

"तुझ्या बंदुकीची वाट बघत्येय," त्या म्हणाल्या. सहावीला तो त्यांच्या वर्गात होता. "साहेब विचारतील त्याचं खरं उत्तर दे."

"बंदूक कोणाकडे आहे?" मी विचारले.

"पाटलांकडे, साहेब. येताना त्यांच्याकडे दिली. म्हटलं, पोलीस पाटील म्हणजे पोलीसच."

"लेखी काही?"

"पाटलाकडून लेखी कोण घेतो, साहेब?"

"तीनदा परवान्याचे नूतनीकरण झाले आहे. सही तुझी?"

त्याने मांडीवरचे हेल्मेट बाजूला ठेवले. मागे क्रेनचा आवाज येत होता. "मी तर इथे होतो. ते म्हणायचे, मी बघतो सगळं. साहेब, माझ्या पासपोर्टाचं काही होणार नाही ना? घर माझ्या एकट्यावर आहे."

"खरे सांगितलेस तर तू साक्षीदार आहेस," मी म्हणालो. "आणि तसा जबाब लागेल."

तो जबाब त्याने पुढच्या आठवड्यात खाडा करून, कुवेत सिटीला दूतावासात जाऊन साक्षांकित करून पाठवला. कोणी त्याला जबरदस्ती करू शकत नव्हते.

पोलीस पाटलांना सायंकाळी बोलावले. चौकशीत मी आवाज चढवत नाही. चढलेल्या आवाजाला माणूस उत्तर देतो ते आवाज थांबावा म्हणून. ते उत्तर कोर्टात टिकत नाही. मी चहा मागवला आणि त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला.

"पाटील, गावातल्या अकरा परवानेवाल्यांच्या सह्या करून दाखवा."

"चेष्टा करताय का साहेब?"

"रजिस्टरात केल्यात तशाच करा."

त्यांनी पेन उचलले. दोन सह्या केल्या. तिसऱ्या नावाशी थांबले आणि पेन खाली ठेवले.

"वानरं आली होती," ते म्हणाले. "घाबरवायला बार काढला. गडग्यावर पाय सरकला न् नळी खाली आली. कुणाला मारायचं नव्हतं साहेब. माझा नातू आहे त्या शाळेत."

"सोमवारी दिवसभर माझ्याबरोबर दहा घरं फिरलात. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तीस वर्षं गावाला मी कायदा सांगतो. मग मी कुठल्या तोंडाने सांगणार?"

त्यांच्या पोटमाळ्यावरून बंदूक जप्त केली. नळीला अजून वास होता. गुन्हा दाखल झाला. त्याच रात्री मी अधीक्षकांना दोन कागद पाठवले. एकात तपासाचा अहवाल होता. दुसऱ्यात लिहिले की परत देताना मालक समोर नव्हते आणि तरीही मी 'समक्ष' या शब्दाखाली सही केली. मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्य होती.

शुक्रवारी दुपारी जिल्ह्याचा आदेश आला. सर्व परवान्यांची फेरतपासणी, तोवर बंदुका जमा. पुढे देणे-घेणे फक्त मालकाच्या हाती, ओळखपत्र पाहून. शाळेच्या वेळेत शाळेलगतच्या बागांत बार बंद. आमदारांनी पुढच्या अधिवेशनात मला विचारलेला प्रश्न सभागृहात विचारला. गावात ते अजूनही सांगतात की तो त्यांना स्वतःला सुचला. माझी तक्रार नाही. कायदा करणाऱ्याला प्रश्न आपला वाटू लागला की निम्मे काम झाले.

शनिवारी सकाळी शाळा भरली. नोटीस मात्र उभी होती, कारण चार दिवस शिक्षक शाळेत नव्हते. शिक्षण खात्याने माझ्याकडे खुलासा मागितला. मी खरे तेवढेच लिहिले. सदर शिक्षक चारही दिवस पूर्ण वेळ ठाण्यात हजर होते, त्यांतले एक जखमी फिर्यादी आहेत आणि गुन्ह्यातील मुख्य पुरावा मुख्याध्यापिकांनी ओळखून दिला. सोबत हजेरीपत्रकाची प्रत जोडली. नोटीस मागे घेतली गेली. अकरा महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या, सेवापुस्तक कोरे ठेवून.

मी थांबलो. जावयांनी कप खाली ठेवला. "पण बाबा, कायदा तर होता तोच राहिला ना?"

"शस्त्र कायद्यात एक अक्षरही बदललं नाही," मी म्हणालो. "पण तो कायदा आमच्याच कपाटात बंद होता. त्या सात जणांनी कपाट उघडायला लावलं. कायदा करणारे त्यानंतर आले."

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच. शिक्षकांनी काम थांबवले की घराघरांत मुले दिवसा दिसू लागतात. तो दबाव कोणताही आमदार, कोणत्याही देशातला, फार दिवस झेलू शकत नाही. मात्र मागणी एकच हवी, आणि ती पाळली की नाही हे रजिस्टर उघडून पाहता आले पाहिजे. परदेशातल्या त्या शिक्षकांनी एवढे सांभाळले तर त्यांचे काम होईल, असे माझे मत आहे. मी ते अंदाजाने सांगत नाही.

तो फिटर अजून मीना अब्दुल्लाला आहे. परवाना त्याने केव्हाच परत केला. मी आलो की भेटायला येतो. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रे फिरवणारा माणूस, यंदा निवास परवान्यांच्या नूतनीकरणासाठी सगळ्यांचे अर्ज एकदम घेऊन निघाला होता. राहिलेल्या सह्या मीच करतो, म्हणाला. हा त्याच्यामागे गाडीपर्यंत गेला, आपला अर्ज काढून घेतला आणि बॉनेटवर ठेवून स्वतः सही केली. सोबतचे हसले.

"मग तू काय म्हणालास?" मी विचारले.

"काय म्हणणार, साहेब? बाई दर ईदला फोन करतात. मुबारक म्हणायच्या आधी विचारतात, सही कोणी केली?"