सुभेदारांच्या रिव्हॉल्वरची नळी

हे प्रकरण मला अजून पानापानासकट पाठ आहे, आणि मी ते आजवर पन्नासेक वेळा तरी सांगितलं असेल. लग्नाच्या पंगतीत, आगगाडीच्या डब्यात, एकदा तर दाढी करताना न्हाव्यालाही. दरवेळी त्यात थोडं खोटं असायचं. माझ्या सांगण्यात मी हातात भिंग घ्यायचो, मोजून क्षणभर थांबायचो, आणि ऐकणाऱ्यांचा श्वास अडकला की नळीवर बोट ठेवायचो. खरं म्हणजे भिंग नव्हतं आणि नळी ओळखणारा मी नव्हतो. आता लिहायला बसलो आहे, तर जसं घडलं तसं लिहितो.

साठ सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. दर्यापूरकडच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. वय तिशीच्या आत, मिशी नुकतीच पीळ घ्यायला लागलेली. भाद्रपदात, कपाशी कमरेला लागली असताना, एका खेड्याच्या शिवारात तिथल्या तरुण शेतकऱ्याचा गोळी घालून खून झाला. पंचनामा झाला. डॉक्टरांनी प्रेताच्या बरगडीतून गोळी काढून दिली. ती रिव्हॉल्वरची होती.

त्या भागात रिव्हॉल्वरचे परवाने दोनच. एक मयताच्या चुलत्याचा. हा गावातला मोठा जमीनदार. दुसरा फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांचा. दोन्ही रिव्हॉल्वर मी जमा करून मालखान्यात, म्हणजे जप्त मालाच्या खोलीत, ठेवली. एकाच विलायती कारखान्याची, सहा इंची नळीची, मधोमध बिजागरीवर मोडून उघडणारी. शेजारी ठेवली तर जुळे भाऊ वाटावेत.

तिसऱ्या दिवशी गावच्या कोतवालानं खबर आणली.

"साहेब, सुभेदाराचं अन् मयताचं विहिरीवर वाजलं व्हतं. सुभेदार म्हने, माह्या घरी बंदूक हाय, ध्यानात ठेव."

सुभेदारांच्या वस्तीनं छप्पन सालानंतर धम्म स्वीकारला होता, आणि सरकारी विहिरीवर उजळ माथ्यानं पाणी भरायला सुरुवात केली होती. मयताला ते खपत नव्हतं. म्हणजे मला खुनाचं कारण मिळालं. आता फक्त मुंबईच्या तज्ज्ञाकडून गोळी आणि हत्यार जुळवून घ्यायचं होतं.

मध्ये आला दसरा. ठाण्यात शस्त्रपूजा असते. बंदुका, तलवारी, बेड्या, सगळं घासूनपुसून झेंडूच्या माळांखाली मांडतात. आमच्या ठाण्याकडे मांडायला होतं काय? चार जुन्या मस्केट बंदुका आणि एक गंजलेली तलवार. मालखान्यात मात्र दोन झकास रिव्हॉल्वर. त्यांना लाखेचं सील मारायचं होतं, पण सील मारलं की पूजेत मांडता येत नाही. ते काम मी दसऱ्यानंतरवर ढकललं.

मग काय, व्हरांड्यात घोंगडी अंथरली, शिपायांना गोल बसवलं आणि मी मधे. "बघा रे, विलायती हत्यार कसं खोलतात." बिजागरीचे स्क्रू काढले, नळ्या वेगळ्या केल्या, गोळ्यांची चक्रं वेगळी केली, रॉकेलमध्ये बुडवून फडक्यानं चमकवली. मधे मधे इंग्रज साहेबाची नक्कल. शिपाई पोट धरून हसत होते. त्याच हसण्यात मी दोन्ही रिव्हॉल्वर परत जोडली. पूजा देखणी झाली. दुसऱ्या दिवशी सील मारून दोन्ही हत्यारं मुंबईला रवाना केली.

अहवाल आला. गोळी सुभेदारांच्या नंबराच्या रिव्हॉल्वरमधून सुटलेली होती. मी त्याच दिवशी अटक केली.

चौकशीला सुभेदार ताठ बसले. पांढरे केस बारीक कापलेले, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली.

"गोळी तुमच्या रिव्हॉल्वरमधून सुटली आहे, सुभेदार."

"सुटली असन. म्या नाही सोडली."

"मग कोणी?"

"थे तुमी शोधा. पगार तुमाले भेटते."

जबाब लिहिणाऱ्या रायटरनं वहीत तोंड लपवलं. मलाही हसू आलं, पण मी टेबलावर हात आपटला. तेव्हा मला ते फार शोभतं असं वाटायचं.

"त्या संध्याकाळी कुठे होतात?"

"घरी. बायकोची छाती भरली व्हती. शेक देऊन राहिलो व्हतो."

"साक्षीदार?"

"थेच. बायको."

"आणि विहिरीवर बंदुकीची धमकी दिलीत, ती?"

"देल्ली. फौजेत शिकलो, ज्याले मारायचं त्याले आधी सांगत नसते."

हे उत्तर त्यांच्या बाजूचं होतं. मी ते त्यांच्या विरुद्ध लिहून घेतलं.

सुभेदारांना अमरावतीच्या तुरुंगात ठेवलं. पंधरवड्यात त्यांच्या बायकोचं दुखणं वाढलं. वस्तीतल्या लोकांनी तिला बसमध्ये आडवी घालून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. सुभेदारांनी अर्ज केला, एक दिवस पहाऱ्यात अकोल्याला न्या, भेटू द्या. मॅजिस्ट्रेटनं पोलिसांचा अभिप्राय मागवला. मी लिहिलं, 'आरोपी शस्त्र चालवण्यात तरबेज असून पळून जाण्याचा संभव आहे.' एवढी एक ओळ. अर्ज नामंजूर झाला. चार दिवसांनी ती बाई गेली. सुभेदारांना ते वॉर्डरकडून कळलं.

पुढच्या महिन्यात मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात मुद्देमाल दाखवायची वेळ आली. सील तोडून रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "हे तुमचंच आहे ना?"

सुभेदार वाकले. हात मागे बांधून त्यांनी ते नुसतं पाहिलं.

"नंबर माहाच हाय, साहेब. नळी माही नाही."

"म्हणजे?"

"नळीच्या टोकाची माशी पाहा. जिच्यावर नेम धरतात थे. माही माशी येगळी व्हती, बारक्या स्क्रूनं बसवेल. एकदा ढिली झाल्ली, तवा म्याच कसली व्हती. ह्याची नळीतूनच निंगेल हाय, सलग. हे दुसऱ्याची नळी."

सरकारी वकील म्हणाले, आरोपी वेळ काढतो आहे. मला मात्र व्हरांड्यातली घोंगडी आठवली. ठाण्यात येऊन मालखाना उघडला आणि जमीनदाराचं रिव्हॉल्वर काढलं. माशी वेगळी होती. बाजूला बारका स्क्रू होता.

दोन्ही हत्यारं रीतसर नोंद करून अमरावतीला मुख्यालयाच्या आर्मोररकडे, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे, नेली. म्हातारा गृहस्थ, जन्म हत्यारांत गेलेला. त्यानं नळी उघडली, मिटवली, नंबर वाचले, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"पहले ये कंपनी माशी नळीसंगच घडवायची. माशी तुटली की सारी नळी भंगारात. लढाईत हे परवडलं नाही, मंग त्यायनं माशी येगळी केली, स्क्रूवाली. सुभेदाराचा नंबर बादचा हाय. त्या नंबरवर सलग माशीची नळी येऊच शकत नाही. जमीनदाराचा नंबर जुना, त्याच्यावर स्क्रूवाली येऊ शकत नाही. नळ्या बदलल्या, साहेब. नंबर सांगाड्यावर रायते, नळीवर नाही, म्हनून कोनाच्या ध्यानात आलं नाही." मग त्यानं चष्मा काढला. "हे खोललं कोनं व्हतं?"

मी पावतीवर सही करायला वाकलो. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

गोळी ज्या नळीतून सुटली ती जमीनदाराची. पण हे सिद्ध करायचं तर नळ्या कुठे, कधी आणि कोणाच्या हातून बदलल्या ते स्टेशन डायरीत यायला हवं होतं. आमचे हेड मोहरर, म्हणजे ठाण्याचे मुख्य कारकून, सगळं समजून बसले होते. दार लोटून ते म्हणाले, "साहेब, माहं नाव टाका. पूजेसाठी म्या खोललं म्हना. दोन वर्सांनी घरीच जायचं हाय, मले कोन काय करते? तुमची नोकरी आता सुरू झाली."

ते चांगले गृहस्थ होते, म्हणूनच तो प्रस्ताव वाईट होता. मी दुपारभर दौतीशेजारी बसून होतो. 'हेड मोहरर यांनी' इतकं लिहून एक कागद खराबही केला. शेवटी डायरीत स्वतःचं नाव लिहिलं आणि अधीक्षकांकडे जबाब पाठवला. माझी बढती अडली आणि बदली झाली. त्याबद्दल मला तक्रार करायला तोंड नाही.

जमीनदाराला बोलावून दोन्ही नळ्या समोर ठेवल्या. त्यानं आधी वकील मागितला, मग पाणी मागितलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर वाटणीच्या शेतावरून पुतण्याला मारल्याचं सांगितलं. त्याला वाटलं होतं, सुभेदारांचं विहिरीवरचं भांडण आपल्या कामी येईल. ते आलंही होतं. ते पार शेवटाला न्यायचं काम मी करून ठेवलं होतं.

सुभेदार सुटले. बदलीच्या गावी जाण्याआधी मी त्यांच्या खेड्यात गेलो. मला वाटलं, आपण भर गावात चूक कबूल करावी. चावडीपुढे लोक जमवले, वस्तीतले आणि वरच्या आळीतलेही. उभा राहून सगळं सांगितलं: घोंगडी, रॉकेल, नळ्या, माझं नाव. मी बोलणारा माणूस, त्या दिवशी मात्र चारदा अडलो. झाल्यावर सुभेदारांकडे वळून म्हणालो, "तुमच्या नावाचा डाग गेला, सुभेदार. गावासमोर गेला."

ते पायरीवर बसले होते. म्हणाले, "ठाणेदारसाहेब, गावाले माहीतच व्हतं म्या नाही मारलं. काही बोलले, काही नाही बोलले, पन माहीत साऱ्यायले व्हतं. तिले तं पहिल्या दिवसापासून माहीत व्हतं." पुढे ते म्हणाले, "डागाचं तिले काही नव्हतं. तिले फक्त मी पाह्यजे व्हतो, अकोल्याले, खाटीपाशी."

मग त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला, आणि मला तो प्यावा लागला.

लोक मला विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं. नळी आणि माशी ओळखायला शिकलो, ते खरं. पण नळ्यांच्या चुकीला उपाय होता, आणि तो झालाही. त्या एका ओळीला उपाय नव्हता. रिव्हॉल्वर मी हसता हसता चुकीचं जोडलं, ती ओळ मात्र शांतपणे बसून, पूर्ण अधिकारात लिहिली होती. ती खोडायला कोणताही आर्मोरर येणार नव्हता.

पुढे वीस वर्षांवर नोकरी झाली. आजारी माणसाला भेटण्यासाठी आरोपीचा अर्ज आला, की मी शिपाई पाठवून दवाखान्यात खात्री करून घ्यायचो आणि लिहायचो, 'पोलिसांची हरकत नाही.' वरिष्ठ रागवायचे. एवढ्या वर्षांत त्यांतले दोघे पळाले. दोघांनाही पुन्हा पकडून आणता आलं.