साइटवरची मराठी गेली कुठे?

"कॉम्प्युटरच्या धंद्यात कसले आलेत किस्से?" असं लोक मला विचारतात. दिवसभर स्क्रीनकडे बघत बसायचं, त्यात घडणार काय! पण आमच्याकडे फोन उचलायचं काम माझं आहे ना. नागपुरातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही तिघं, ठवकर सर, प्रशांत आणि मी, लहान व्यापाऱ्यांच्या वेबसाइट सांभाळतो. साइट बिघडली की माणूस आधी साइटबद्दल बोलतो, मग घरातलं बोलतो, आणि फोन ठेवता ठेवता असं काहीतरी बोलून जातो की ते डोक्यातून निघत नाही. नवा सर्व्हर आला त्या दिवसांतलं तर असं किती साठलंय!

*

नव्या सर्व्हरसाठी सरांनी नवा एसी घेतला. आम्हाला मात्र जुनाच कूलर, आणि वर नागपूरचा मे महिना! मग आम्ही दुपारचा डबा सर्व्हरच्या खोलीतच खायला लागलो.

एक दिवस एक ग्राहक 'यंत्रणा' बघायला आले. दार उघडलं तर आत आम्ही तिघं जमिनीवर मांडी घालून वांग्याची भाजी खातोय.

"हे काय चाललंय?"

सरांनी घाससुद्धा खाली ठेवला नाही. म्हणाले, "नवा आहे ना, एकट्याले करमत नाही त्याले!"

*

जुन्या मशीनवरचं सगळं नव्या मशीनवर न्यायचं काम प्रशांतचं. पोरगा नवा, नोकरीतलं पहिलंच मोठं काम, आणि बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. रविवारी त्याने सगळं हलवलं. साइट उघडल्या, फोटो झरझर यायला लागले. आम्ही खूश होऊन तर्री-पोहे मागवले. साइटवरचा मजकूर काही कोणी वाचला नाही.

सोमवारी पहिला फोन भिवापूरच्या मिरचीच्या व्यापाऱ्याचा. "मॅडम, आमच्या साइटवर विदेशी भाषा टाकली काय?"

मी उघडून बघितलं. लालभडक मिरचीचा फोटो जागच्या जागी, आणि खाली मराठीच्या ऐवजी इंग्रजी अक्षरांचा, स्वल्पविरामांचा नुसता चिवडा! मी घाईघाईने म्हटलं, "माफ करा भाऊ, लगेच दुरुस्त करतो."

"काहून? राहू द्या ना! सकाळपासून दोघांनी विचारलं, एक्सपोर्ट चालू केला काय म्हणून!"

*

बाकीचे इतके खूश नव्हते. दुपारपर्यंत सगळ्या जुन्या साइटचे फोन आले. त्या साइट जुन्या टायपिंगच्या फॉन्टमधल्या. आत खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, ती मराठी दिसतात फक्त फॉन्टमुळे. जुन्या सर्व्हरवर कोणतं तरी मॉड्यूल, म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम, गुपचूप त्यांचं आजच्या मराठीत रूपांतर करायचं. ते मॉड्यूल नव्या मशीनवर आलंच नव्हतं.

"पण सर्व्हरनं तक्रार काहून नाही केली?" सरांनी विचारलं.

प्रशांतचा चेहरा उतरला होता. "सर, सेटिंगमध्ये आधीच्या माणसाने लिहून ठेवलंय, मॉड्यूल असेल तर वापर, नसेल तर गप्प बस."

"अन् मॉड्यूलचं नाव काय?"

प्रशांतने स्क्रीनकडे बोट दाखवलं. नाव होतं 'तात्पुरतं'!

*

निमाकाकू लग्न जुळवण्याचं काम करतात, त्यांच्या साइटवर मुलामुलींचे बायोडाटा असतात. त्यांचा फोन आला तेव्हा मुलाकडची मंडळी त्यांच्या समोरच बसली होती.

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "वैशाली, आईच्या नावासमोर एल, के, मोठा एस अन् आडवी रेघ आहे वं. काय समजू मी?"

माझी बोटं आपोआप टेबलावर हलली. लग्नाआधी मी प्रेसमध्ये याच फॉन्टमध्ये पत्रिका टाइप करायची. "काकू, ते 'सौ.' आहे!"

"अवं माय! थांब, पुढचं सांगते."

मग काय! काकू एकेक अक्षर सांगतायत, मी डाव्या हाताने पोळी खात उजव्या हाताची बोटं टेबलावर आपटतेय आणि मुलीचं शिक्षण, मामाचं गाव, रास, सगळं वाचून दाखवतेय.

सर दारात उभं राहून बघत होते. आतल्या खोलीकडे वळून ओरडले, "प्रशांत, मॉड्यूल सापडलं गा! डबा खाऊन राहिलं!"

त्या दिवसात प्रशांत पहिल्यांदा हसला.

*

जुना सर्व्हर पुन्हा लावावा म्हटलं, तर तो सुरूच होईना. त्याच्या डिस्कवरून मॉड्यूल काढलं, तर ते नव्या मशीनवर चालेना. मूळ कोड पाहिजे, आणि तो फक्त विलासभाऊंकडे. विलासभाऊ म्हणजे प्रशांतच्या आधीचे. वडिलांच्याने शेती होईना, म्हणून संत्र्याची बाग बघायला काटोलला गेले, ते तिकडचेच झाले.

आम्ही दोघं काटोलच्या बसमध्ये बसलो. बस निघाली तसा प्रशांत म्हणाला, "ताई, नोकरी जाईल का माझी?"

"नाही रे," मी म्हटलं. पण सरांच्या मनात काय आहे, ते मलाही माहीत नव्हतं.

विलासभाऊ बागेत ठिबकच्या नळ्या साफ करत होते. प्रशांतने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, चूक झाली माझी."

"थांब, थांब. ते मॉड्यूल आतापर्यंत चालू होतं?"

"हो."

"सगळ्या साइटवर?"

"हो."

विलासभाऊ मटकन बांधावर बसले. "अरे, मीनं त्याले आठ दिवसांसाठी लिहिलं होतं बे!"

मग प्रशांतच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सांगून गेलो नाही मी, अन् रडून राहिला तू!" हात धुऊन त्यांनी जुना लॅपटॉप काढला. कोड होता, पण नव्या मशीनसाठी त्यात बदल करावे लागले. दोघं झाडाखाली डोक्याला डोकं लावून बसले. ऊन उतरता उतरता स्क्रीनवर 'नागपूर' असं स्वच्छ मराठीत उमटलं. प्रशांत ताडकन उठला, आणि आमच्याकडे पाठ करून डोळे पुसायला लागला.

डोळे पुसून झाल्यावर त्याने विलासभाऊंना विचारलं, "भाऊ, आता याचं नाव बदलू?"

"नको गा. पक्क्या नावाच्या गोष्टीच पह्यले बंद पडतात."

*

त्याच गोंधळाच्या दिवसांत निमाकाकूंना मौद्याहून एका मुलाचा फोन आला होता. तिथल्या वीज केंद्रात नोकरीला. काकूंच्या साइटवरच्या एका मुलीशी त्याला बोलायचं होतं.

काकू म्हणाल्या, "अरे, बायोडाटा तर वाच आधी!"

"वाचता कुठं येऊन राहिलं काकू? पण फोटोत मागं कूलरवर मांजर बसून आहे, अन् ही तिलेच पाहून हासून राहिली. कॅमेऱ्याकडं लक्षच नाही तिचं."

काकूंनी मुलीला विचारून नंबर दिला. दोघांचं बोलणं सुरू झालं.

साइट नीट झाल्यावर काकूंनी मला फोन केला, आवाजात काळजी. "वैशाली, तिच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहून आहे वं, पहिलं लग्न मोडलं म्हणून. आजवर सगळे तिथंच थांबले. याले माहीत असंल की नाही? तूच सांग त्याले, साइट चालू झाली म्हणून. वाचून घेईल. मागून मले बोल नको."

मी त्या मुलाला फोन लावला. म्हटलं, "आता साइटवर सगळं मराठीत दिसतंय बरं का."

"हो ताई, चालू झाली ते पाहिलं मी."

"मग वाचलं का?"

"नाही."

"का हो?"

"ती स्वतःच सांगून राहिली ना, अगदी लहानपणापासून," तो म्हणाला. "काल सातवीपर्यंत आलो आम्ही."